पौषातली चौकट

सासूबाईंचा आणि माझा एक करार झाला होता. पुढच्या नव्या खोलीच्या खिडकीला काच लागली तर माझं बाळंतपण त्या खोलीत. नाही लागली तर मागच्या खोलीत, जिथे आमच्या घरातली सगळी बाळंतपणं आजवर झाली. करार तोंडी होता, पण अनसूयाबाई म्हणजे दिलेल्या शब्दाला जागणारी बाई, आणि मीही काही कच्च्या गुरूची चेली नव्हते. दोघींच्या मध्ये हे, म्हणजे दिगंबरराव, लोणावळ्याच्या मालधक्क्यावरचे बाबू. आई आणि बायको एकदम बोलू लागल्या की यांना स्टेशनावर हमखास काम निघायचं.

मागच्या खोलीला खिडकी नव्हती. तिचं दार माजघरात उघडायचं, आणि माजघरालाच उजेड यायचा तो स्वयंपाकघरातून, चुलीच्या धुरातून गाळून. दोन वर्षांपूर्वी तिथे मला मुलगा झाला. बाजेखाली शेगडी, दाराला जाड पडदा, ओव्याची धुरी आणि कोनाड्यात समई. बाळाला वारा लागेल म्हणून दार किलकिलं करायचीसुद्धा बंदी. पोर आठवड्याच्या आत गेलं. कशानं गेलं ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. मला विचाराल तर गुदमरून गेलं. त्याला मी फक्त समईच्या उजेडात पाहिलं. तो गोरा होता की सावळा, हेसुद्धा मला माहीत नाही. लोक म्हणायचे, दुसऱ्यांदा दिवस गेले की पहिलं दुःख विसरायला होतं. लोकांचं काय जातं बोलायला!

म्हणून या खेपेला मी हट्ट धरला की खोली हवी ती उजेडाची. पुढच्या ओट्याच्या जागी नवी खोली बांधायचं काम वैशाखात निघालेलंच होतं. मला दिवस गेल्याचं तेव्हा मलाच ठाऊक नव्हतं. पुढे कळलं तेव्हा सासूबाईंनी शास्त्र काढलं: पोटुशी बाई घरात असताना आधी सुरू झालेलं बांधकाम पुरं केलेलं चालतं, पण बांधलेलं फोडायचं नाही, भिंतीत खिळासुद्धा ठोकायचा नाही. हे कुठल्या पोथीत लिहिलंय ते मी विचारलं नाही. बांधायला परवानगी मिळाली, मला तेवढं पुरे होतं.

आता साधी लाकडी खिडकी काय वाईट, असं कोणी म्हणेल. त्यानं थंडीत लोणावळ्याला येऊन राहावं. पौषात आमच्याकडे पूर्वेचा वारा सुटतो तो हाडात शिरतो. लाकडी खिडकी उघडली की वारा, लावली की अंधार. काचेचं तसं नाही. उजेड आत येतो आणि वारा बाहेर राहतो. सासूबाईंनासुद्धा त्यात खोट काढता आली नाही, म्हणून तर तो करार झाला.

खिडकी यांनी मिळवली, त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. तुंगार्लीला मुंबईच्या एका शेठच्या बंगल्याचं काम चाललं होतं, त्याच्या लोखंडी खिडक्या मालगाडीनं यायच्या. त्यातली एक मापात चुकलेली निघाली, ती यांनी पदरात पाडून घेतली. आमच्या अंगणात ती भिंतीला टेकून उभी राहिली: माणसाच्या उंचीची, गंज चढू नये म्हणून शेंदरी रंग फासलेली, बोटभर रुंद पट्ट्यांची. मध्ये उघडणाऱ्या दोन झडपा, वर आणि बाजूला बंद तावदानांच्या जागा. काच नव्हती, नुसता सांगाडा. मला ती तेवढ्यानंच इतकी आवडली की मी तिच्यासमोर पाट टाकून तांदूळ निवडत बसले.

ती बसवायची कोणी, इथे घोळ झाला. लोखंडी खिडक्या बसवणारा गावात एकच, सोपान. मूळचा बेडशाचा, मुंबईला नव्या इमारतींवर हे काम शिकून आलेला, आणि ते भेटेल त्याला सांगत फिरणारा. शेठच्या बंगल्यातून तो मोकळा होणार पौषात. ते ऐकून सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

"पौषात चौकट? माझ्या घरात? मार्गशीर्ष संपायच्या आत चौकट उभी राहिली पाहिजे, मग तो तुमचा मुंबईवाला येवो नाहीतर न येवो."

आपल्याकडे चौकट बसवणं म्हणजे लग्नाच्या खालोखाल कार्य. मुहूर्त, पूजा, आंब्याची डहाळी, हळकुंड-सुपारीची पुरचुंडी, कारागिराला नारळ आणि टोपी. लाकडाची असो की लोखंडाची, दाराची असो की खिडकीची, सासूबाईंच्या लेखी चौकट ती चौकट. मग आमच्या गवंड्यानंच, भिमाजी आबांनी, ती मुहूर्तावर उभी केली. आबा कार्ल्याचे, सगळा जन्म चौकटी बसवण्यात गेलेला. त्यांनी रिवाजाप्रमाणे आधी चौकट ओळंबा लावून सरळ उभी केली आणि मग तिच्याभोवती भिंत चढवली. चौकटीच्या डोक्यावर दगडाचे थर, थरांवर कौलांचं छप्पर. पूजा मीच केली, पोट सावरत. आबा खूश, सासूबाई खूश, मीही खूश. सगळे एकदम खूश झाले की समजावं, कुठेतरी पाणी मुरतंय.

पौष लागला आणि सोपान उगवला. गळ्याला मफलर, कानावर विडी आणि बगलेत गोणपाटात गुंडाळलेल्या काचा. चौकटीकडे एकदा पाहून म्हणाला, "आबांनी बसवली व्हय? ब्येस झालं. माजं निम्मं काम वाचलं."

खडूची भुकटी आणि जवसाचं तेल एकत्र करून त्यानं कणकेसारखा गोळा मळला. त्याला तो पुटीन म्हणायचा. चौकटीच्या खाचेत पुटीनचा थर, त्यावर काच हलक्या हातानं दाबायची, मग वरून पुन्हा पुटीन आणि सुरीनं तिरकी कड काढायची. मी दारात बसून बघत होते. हात चांगला होता, नाही म्हणणार नाही. जीभ मात्र हाताहून जोरात चालायची.

"वैनी, म्हमईला चार-चार मजले काचंनं मढवल्यात आमी. तुमचं म्हंजी पोरखेळ हाये."

संध्याकाळी खोली काचेनं बंद झाली. मी मधोमध जाऊन उभी राहिले. बाहेर पेरूची पानं वाऱ्यानं उलटीपालटी होत होती, आणि आत माझ्या कपाळावरचा केसही हलत नव्हता. त्या क्षणी मला पहिल्यांदा वाटलं, हे पोर जगेल. मला रडूच आलं. सोपान घाबरून पुटीनचा डबा आवरायला लागला.

सकाळी उठून पाहते तर वरचं मधलं तावदान तडकलेलं. एका कोपऱ्यातून निघालेली रेघ पार समोरच्या कडेपर्यंत गेली होती.

"काच तडकली," सासूबाई म्हणाल्या. "लक्षण बरं नाही."

"काचच आहे ती, नशीब नव्हे," मी म्हटलं. बोलले ऐटीत, आणि लगेच सोपानला बोलावणं धाडलं.

सोपाननं काच उलटसुलट करून पाहिली आणि निकाल दिला, "काचंतच खोट हुती." त्यानं दुसरी आणून बसवली. ती टिकली, पण मला चैन पडेना. भाकरी तव्यावर टाकायची आणि नवीन खोलीत जाऊन तावदानावर बोट फिरवून यायचं. पाणी भरायला निघायचं आणि अर्ध्यातून परत फिरायचं. हे म्हणाले, "तू बघितल्यानं ती फुटायची थांबणार आहे का?" थांबणार नव्हती, तेही कळत होतं, पण पाय ऐकत नव्हते. दाई अंबूबाई वलवणहून पोट बघायला आली तेव्हा म्हणाली, "पोरी, तू जितकी फिरतीस तितकं प्वाटातलंबी फिरतंय. जरा बूड टेकव की." मी बूड टेकवलं, ते खिडकीसमोरच.

संक्रांतीला हळदीकुंकवाच्या बायका आल्या. शेजारच्या कस्तुराबाईंनी खिडकीला हात लावून पाहिला, "अगंबाई, राजवाडाच की!" म्हणाल्या आणि तिळगूळ तोंडात टाकला. तेवढ्यात टक् असा आवाज झाला. सगळ्या बायकांनी वर पाहिलं. नव्या तावदानात अगदी त्याच कोपऱ्यातून तशीच रेघ उतरली होती.

कस्तुराबाई बिचाऱ्या ओशाळल्या. घरभर एकच चर्चा, दृष्ट लागली. बायका गेल्यावर सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या आणि मिरच्या घेऊन चक्क खिडकीची दृष्ट काढली. मला हसावं की रडावं कळेना. मिरच्यांचा ठसका मात्र सगळ्यांना लागला, खिडकी सोडून.

दुसऱ्या दिवशी सोपान तिसरी काच घेऊन आला, तेव्हा मी त्याची वाटच अडवली.

"ती खालची झडप बघ. बसवलीस तेव्हा नुसत्या बोटानं लागायची. आता ढकलावी लागते."

"लोखंड उनानं फुगतंय, वैनी."

"मग थंडीत आकसायला नको? पहाटेसुद्धा घासते. रोज थोडी जास्तच घासते. मी दिवसातून दहा वेळा लावून बघते, मला शिकवू नकोस."

त्याला राग आला, तो त्याच्या कानापर्यंत दिसला. पण त्यानं खिशातून दोरी काढली. चौकटीच्या वरच्या पट्टीला या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून धरली, आणि तो तसाच राहिला. पट्टी मध्यावर दोरीच्या खाली गेली होती, बोटाच्या पेराएवढी. सोपाननं दोरी खाली सोडली.

"भित बसलीया हिच्या डोस्क्यावर," तो म्हणाला. "काच लावायच्या आदीच दोरी धराय पायजे हुती मी. घाईत ऱ्हाऊन गेलं."

भिमाजी आबांना बोलावणं गेलं. ते आले, दोरी पाहिली, आणि आधी कोणाचं ऐकूनच घेईनात.

"नाचता येईना, अंगान वाकडं! म्या बशिवलेल्या चौकटी जाऊन बग कामशेतपोतर. भिती पडल्या, पर चौकट हलली न्हाई."

"आबा, त्या सागाच्या. सागाची चौकट आख्खी भित पेलती. ही निस्ती काचंची कड हाये. आदी भित बांदायची, भितीचं ओझं तुळईवर घ्यायचं, अन् मंग ही मोकळ्या जागंत सुटी बसवायची. हिच्यावर चिमूटभर ओझं चालत न्हाई."

"मंग त्ये आदी का न्हाई सांगितलंस? इतकं दिस अंगनात उभी हुती ती!"

"तुमी थांबायचं की माज्यासाटी!"

"मी कशापायी थांबू? म्हूर्त काय तुज्या बाचा हाये?"

मुहूर्ताचं नाव निघालं मात्र, सगळ्यांचे डोळे सासूबाईंकडे वळले. त्या पदराच्या टोकाशी चाळा करत उभ्या होत्या. मी त्यांना असं उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"यावर उपाय काय?" यांनी विचारलं.

उपाय सोपा होता. छपराला खालून टेकू द्यायचा, चौकटीवरचे दगड काढायचे, तिथे सागाची जाड तुळई टाकायची, की चौकट मोकळी. एका दिवसाचं काम. आबांनाही ते पटलं. पण दगड काढायचे म्हणजे भिंत फोडायची, हे ध्यानात आल्यावर त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"पौषात? अन् दिवस भरल्याली लेक घरात असताना? न्हाई काकू. माज्या सुनंच्या वक्ताला म्या घरात सुपारीबी फोडली न्हाई. माजा हात चालायचा न्हाई."

"सोपान, तू?" मी विचारलं. मुंबईला चार-चार मजले मढवणारा सोपान पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागला. "माजं काम लोखंडाचं, वैनी. दगडाला मी हात लावत न्हाई."

हे म्हणाले, "आई म्हणेल तसं." हे काय म्हणणार ते मला लग्नाच्या दिवसापासून ठाऊक होतं.

आई आत गेली. थोड्या वेळानं मला शेणाचा वास आला. मी उठून गेले तर सासूबाई मागची खोली सारवत होत्या. बाज भिंतीला उभी करून ठेवली होती आणि शेगडी माळ्यावरून खाली आली होती.

"मी इथे येणार नाही," मी दारातूनच म्हटलं.

"आपलं काय ठरलं होतं?"

"ठरलेलं गेलं चुलीत. इथे माझा मुलगा गेला."

त्यांचा हात सारवणावर थांबला. मागे न वळता त्या म्हणाल्या, "तुझा एक गेला. माझे तीन गेले."

मला हे कोणी सांगितलं नव्हतं. यांनी तर नाहीच. यांना तरी ठाऊक होतं की नाही, देव जाणे.

"याच खोलीत?"

"याच बाजेवर. मग दिगंबर झाला, तोही इथेच. तो जगला. तिघांना घेतलं, पण एक दिला या खोलीनं, म्हणून मी हिला नावं ठेवत नाही. तुझी ती काचेची खोली काय देणार, कोणाला ठाऊक आहे? तिथे अजून कोणी जगलेलं नाही."

मी भांडायच्या तयारीनं आले होते. तोंडात शब्द अगदी रांगेत उभे होते. पण मी भलतंच विचारलं, "कसे होते ते, आई? दिसायला?"

"पाहिले कुठे नीट? समईच्या उजेडात सगळी बाळं सारखीच दिसतात." त्यांनी पुन्हा हात फिरवायला सुरुवात केली. "जा, उभी राहू नकोस. पाय सुजतील."

मी गेले, पण बसले कुठेच नाही. ओसरी, माजघर, अंगण, पुन्हा ओसरी. पोटातलं लाथा मारत होतं. मला सासूबाईंचा भयंकर राग आला होता आणि त्यांना जवळ घ्यावंसंही वाटत होतं, आणि हे दोन्ही एकदम कसं करायचं ते कळत नव्हतं. यांनी जेवायला बोलावलं तर त्यांच्यावर उगाच ओरडले. ते मुकाट्यानं जेवले.

सकाळी मला जाग आली ती पुढच्या खोलीतल्या आवाजांनी. जाऊन पाहते तर छपराखाली वाशांचे टेकू लागलेले. भिमाजी आबा, सोपान आणि हे माना खाली घालून उभे, आणि मध्ये सासूबाई. पदर कमरेला खोचलेला, हातात आबांचा मोठा हातोडा.

"रजनी, तू कस्तुराबाईंकडे जाऊन बस," त्या म्हणाल्या. "भिंत फुटेपर्यंत घरात पाऊल टाकू नकोस."

"आई, हे काय करताय तुम्ही?"

"पाप पहिला घाव घालणाऱ्याला लागतं ना? भिमाजीला नातवंडं आहेत. सोपानचा संसार कोवळा आहे. दिगंबर तर बाप. मग उरलं कोण?"

"काकू, तुमी नगा..." आबा पुढे झाले.

"माझ्याकडून आणखी काय घेणार आहे देव? तिघं घेतले त्यानं. पहिला घाव माझा, पुढचं काम तुमचं. मुहूर्ताची घाई मी केली, ती निस्तरायचीही मीच."

हातोडा त्यांना पेलत नव्हता. त्यांनी तो दोन्ही हातांनी कसाबसा उचलला आणि भिंतीवर टाकला. चुन्याचा एक टवका तेवढा उडाला. त्यांनी दात-ओठ खाऊन दुसरा घाव घातला, तेव्हा दगडाचा सांधा हलला. हे तोंड फिरवून उभे राहिले. यांचे खांदे हलत होते. भिमाजी आबांनी सासूबाईंच्या हातून हातोडा अलगद काढून घेतला. "बास, काकू. झाला तुमचा घाव. आता आमी हाये."

मी कस्तुराबाईंच्या ओट्यावर गेले. बसले कसली, येरझारा घालत होते. पलीकडे घाव पडला की मी दोन्ही हातांनी पोट झाकून घ्यायचे. मोठ्या तोंडानं हट्ट धरणारी मी, पण त्या दिवशी मला त्यांचं शास्त्र खरं वाटायला लागलं होतं. घाव थांबले की वाटायचं, काहीतरी झालं. पुन्हा सुरू झाले की वाटायचं, अजून किती. कस्तुराबाईंनी दूधभात कालवून दिला, तो मी त्यांच्या मांजराला घातला.

दिवस मावळता तुळई बसली. चौकटीवरचं ओझं निघालं आणि वाकलेली पट्टी आपोआप वर आली. सोपाननं दोरी ताणून मला दाखवली. पट्टी आणि दोरी यांच्यात आता केसही मावत नव्हता. वाकलेल्या चौकटीत बसवलेल्या काचा त्यानं सगळ्याच उतरवून ठेवल्या. खाचा साफ करून, नवं पुटीन मळून दुसऱ्या दिवशी सकाळी बसवणार होता. "आता तडकली तर माजं नाव बदला," तो म्हणाला. बोलण्यातला जोर मात्र पहिल्याइतका नव्हता.

पण पोटातलं कोणाची वाट बघायला तयार नव्हतं. उजाडता उजाडता माझ्या कंबरेत कळ आली. हे धावत वलवणला गेले आणि अंबूबाईला घेऊन आले. तिनं मला एकदा चाचपलं आणि विचारलं, "लय येळ न्हाई. कुटं निजवायचं हिला?"

सगळे पुन्हा सासूबाईंकडे बघायला लागले. मागच्या खोलीत शेगडी पेटलेली होती. पुढच्या खोलीत खिडकीचा नुसता सांगाडा, आणि त्यातून वारा असा येत होता की अंथरुणाची टोकं उडत होती. काच नाही म्हणजे मागची खोली. करारात काही शंका नव्हती. मला भांडायला श्वास उरला नव्हता. मी पुढच्या खोलीच्या दाराची कड धरून उभी होते. मी फक्त "आई" म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे.

"इथेच निजव," त्या म्हणाल्या.

"आन् वारं, काकू?"

"वाऱ्याचं मी बघते."

त्यांनी माजघरातून जाड गोधडी आणली. स्टुलावर चढल्या, आणि हात पसरून गोधडी खिडकीला लावून धरली, कोपरांनी, छातीनं, गुडघ्यांनी लोखंडाला दाबून. वारा थांबला. खोली काळोखी झाली. मी किंचाळले, ते कळ आली म्हणून नव्हे. त्यांनी ते कसं ओळखलं कोण जाणे. गोधडी त्यांनी वीतभर खाली घेतली, आणि वरच्या मोकळ्या तावदानातून ऊन आत आलं. समोरच्या भिंतीवर पडलं, मग माझ्या अंथरुणावर.

बाहेर सोपान काचा घेऊन आला होता. यांनी त्याला अंगणातच अडवलं. दोघं खिडकीकडे पाठ करून उभे होते, असं नंतर कळलं. सोपान तिथूनच ओरडला, "आजी, हात भरून येतील तुमचं! वरल्या तुळईला दोन खिळं ठोकून दिऊ का गोधडीला?"

"खबरदार खिळा ठोकलास तर!" सासूबाई गरजल्या. भिंत फोडून झाली होती, पण खिळ्याची बंदी त्यांनी उठवली नव्हती. त्या वेदनेतही मला हसू फुटलं, आणि अंबूबाई म्हणाली, "हास पोरी, हास. हासून लवकर सुटशील."

किती वेळ गेला ते मला सांगता यायचं नाही. माझ्या डोळ्यांसमोर सासूबाईंची पाठ होती. आधी ताठ, मग थरथरणारी. स्टूल करकरत होतं. मध्येच एकदा गोधडी ढळली आणि थंडगार झोत आला. त्यांनी "राम राम" म्हणत ती पुन्हा दाबली. ऊन भिंतीवरून खाली उतरत होतं. मग मला दुसरं काही दिसेनासं झालं.

रडणं ऐकू आलं. चांगलं खणखणीत.

"पोरगी हाये," अंबूबाई म्हणाली. तिनं नाळ कापून बाळ पुसलं, सुती लुगड्यात गुंडाळलं आणि माझ्या छातीवर ठेवलं. मग खिडकीकडे वळून म्हणाली, "काकू, या आता खाली. नात बगा तुमची."

"वारा येईल," सासूबाई म्हणाल्या. त्या वळल्या नाहीत.

"गुंडाळलंया तिला, काय न्हाई व्हायचं."

"अजून ओली आहे ती. मी हात सोडणार नाही." त्यांचा आवाज दमून घोगरा झाला होता. थोडं थांबून त्यांनी हाक मारली, "रजनी."

"काय, आई?"

"कशी आहे?"

"मुलगी आहे."

"ते ऐकलं मी. दिसते कशी?"

मी लुगड्याची कड बाजूला केली. बाळाच्या तोंडावर ऊन होतं आणि ती त्याला वैतागून डोळे घट्ट मिटत होती.

"सावळी आहे, आई," मी म्हटलं. "गव्हाळ म्हणा हवं तर. जावळ दाट आहे, पार कपाळावर आलंय. भुवया आहेत, अगदी पुसट, पण आहेत. नाक बसकं आहे. ओठ लालबुंद आहेत. उजव्या कानाची पाळी मुडपलीय, ती होईल सरळ."

खिडकीशी हुंदका ऐकू आला. गोधडी जराही खाली आली नाही.

"आणखी सांग," त्या म्हणाल्या.